जुन्या घेवड्याची उगवण

आमच्या घरात यंदा दोघींची परीक्षा. लेक सोळा वर्षांची, मी एक्केचाळीसची, आणि अभ्यासाचं टेबल एकच. तिनं टेबलाच्या मधोमध खडूनं रेघ मारून ठेवली आहे. माझं मातीचं पुस्तक बोटभर जरी पलीकडे गेलं तरी ती ते ढकलते आणि म्हणते, "आई, तुझी माती माझ्या भूमितीवर सांडतेय." हिला मी जन्म दिला, आणि आता हीच माझं पाठांतर घेते. उत्तर चुकलं की कपाळावर हात मारून घेते. ती लकब माझीच असल्यामुळे मला रागावताही येत नाही.

मी बारा वर्षं एका शाळेच्या शेतावर मदतनीस आहे. शेत म्हणजे शाळेच्या इमारतीमागचे चौदा वाफे, पाण्याची टाकी आणि अवजारांची एक खोली, जिचं दार उचलून धरल्याशिवाय उघडत नाही. मुलांना खुरपं कसं धरायचं ते मी दाखवायचं आणि 'खुरपणीचे फायदे' शेतीच्या सरांनी फळ्यावर लिहायचे, अशी आमची वाटणी. सर या वर्षअखेरीला निवृत्त होणार. चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सांगितलं, "पदवी घ्या, सरांची जागा तुमची. कागद वेळेत आला नाही तर मला बाहेरचं माणूस घ्यावं लागेल. मग तुम्ही माझ्याशी भांडायचं नाही." मी भांडखोर आहे हे त्यांना ठाऊक आहे.

तेव्हापासून चार वर्षं सुट्टीच्या दिवशी कॉलेज. वर्गातली बाकीची पोरं विशीतली. ती मला आधी 'मॅडम' म्हणायची, मग 'मावशी' म्हणायला लागली, आणि शेवटी परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या वह्यांसाठी 'मावशी गं' म्हणून गळ्यात पडायला लागली. लेखी पेपर सगळे सुटले. राहिला होता तो शेवटचा पाठ. आठवीच्या वर्गावर, बाहेरच्या परीक्षकांसमोर, चाळीस मिनिटं. त्यात नापास झालं की पुढची संधी वर्षानं, आणि तोवर सरांच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसलेलं असणार. इतका साधा हिशेब होता.

खरं तर हा कागद सोळा वर्षांपूर्वीच हातात पडायचा. तेव्हा मला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पत्रही आलं होतं. मी सातव्या महिन्यात होते. आमच्या सासऱ्यांनी, ज्यांना घरदार नाना म्हणतं, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात कॉलेजला परस्पर उत्तर लिहिलं की आमच्या सूनबाईंना येणं जमणार नाही, जागा दुसऱ्या गरजूला द्यावी. पत्र पेटीत टाकून आले आणि मग मला जेवताना सांगितलं. त्यांना मनापासून वाटत होतं की माझ्या डोक्यावरचं एक ओझं त्यांनी उतरवलं. मी नवी सून, त्यात अवघडलेली. भात कालवत राहिले. तो राग मी नीट घडी करून आत ठेवून दिला, आणि सोळा वर्षांत तो कधी पूर्ण विरला नाही.

माझी पंचाईत अशी, की नाना मला फार आवडतात. हे मी कुणाला सांगत नाही, त्यांना तर नाहीच, कारण ते डोक्यावर बसतील.

नाना घड्याळजी. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. काचेचं टेबल, त्यावर दिवा, चिमटे, इवले इवले पेचकस, आणि डोळ्याला लावायचं भिंग, जे ते कपाळावर सरकवतात आणि मग घरभर शोधत फिरतात. बंद पडलेली वस्तू त्यांना बघवत नाही. इस्त्री बंद पडली, उघडली. छत्री अडकली, उघडली. लेक लहान असताना तिची रडणारी बाहुली रडेनाशी झाली तेव्हा तिचंही पोट उघडून ती पुन्हा रडती केली, आणि मग तिनं आठवडाभर सगळ्यांना जीव नकोसा केला. आमचे हे म्हणतात, "नानांसमोर जास्त वेळ गप्प बसू नकोस, उघडून बघतील."

शेवटच्या पाठासाठी मी विषय निवडला बियाण्याची उगवण. सोपा आहे, डोळ्यांना दिसतो, आणि मुलांना हातानं करता येतो. एका ओल्या फडक्यावर शंभर बिया ओळीनं मांडायच्या, फडकं गुंडाळायचं, दोन्ही टोकं बांधायची आणि सावलीत ओलसर ठेवायचं. आठ दिवसांनी उघडून मोजायचं किती उगवल्या. मी घेवड्याचं बी घेतलं. एक गुंडाळी यंदाच्या बियांची, दुसरी शाळेच्या डब्यात पाच वर्षं पडून राहिलेल्या बियांची. नव्यातल्या नव्वदच्या वर उगवणार, जुन्यातल्या निम्म्याही नाहीत. मुलांनी दोन्ही मोजायच्या आणि आपण होऊन म्हणायचं, की बी वरून धड दिसलं तरी जुनं झालं की उगवायचं बळ कमी होतं, म्हणून पेरण्याआधी तपासून घ्यावं. माझा सगळा पाठ त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा होता.

गुंडाळ्या मी घरी केल्या, कारण शाळेत उंदीर आहेत. नानांनी बाजूला उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "मलाही दे दोन मुठी. नव्यातल्या दे. मीही करून बघतो." मला इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस सुनेचा अभ्यास करतो आहे. मी दोन मुठी दिल्या, फडकं दिलं. त्यांनी आपली गुंडाळी दुकानातल्या सुट्या भागांच्या खणात ठेवली.

त्या आठवड्यात मी चारदा घरच्यांवर पाठाचा सराव केला. विद्यार्थी तीन. आमचे हे पहिल्या पाच मिनिटांत डुलक्या घ्यायचे. लेक परीक्षक व्हायची आणि वहीत काहीतरी लिहून ती वही माझ्यापासून झाकायची. आणि नाना व्हायचे वर्गातला सर्वांत वाह्यात मुलगा. ही भूमिका त्यांनी मागून घेतली होती. मी म्हणायचे, "बियाण्यात जीव असतो," की हे बोट वर करून, "बाई, ह्यानं माझी पेन्सिल घेतली." ह्यानं म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जे घोरत असायचे. मी तुलनेचा मुद्दा मांडायला लागले की नाना खाली वाकून टेबलाचा पाय ठोकायचे. मी ओरडले की कान पकडून उभे राहायचे. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण वर्गात दंगा करणाऱ्या मुलाचं जे होतं तेच नानांचं झालं. पाठ चार वेळा झाला आणि मुद्दा त्यांच्या कानावर एकदाही पडला नाही.

पाचव्या दिवशी मी जुनी गुंडाळी जरा उघडून पाहिली. पस्तीस बिया फुटल्या होत्या. नाना चहा घेऊन शेजारीच उभे होते. "किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पस्तीस," आणि एक मोठा सुस्कारा सोडला. तो सुस्कारा पाठाच्या बारा पानी आराखड्याचा होता, जो मला अजून सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा होता. नानांनी तो पस्तिसाला जोडला.

पाठाच्या दिवशी मी दोन्ही गुंडाळ्या पिशवीत घालून निघाले. दारात नाना उभे होते. चेहऱ्यावर असं काही तेज, की मला वाटलं यांनी दाढी केली असावी. म्हणाले, "काळजी करू नकोस, सूनबाई. सगळं व्यवस्थित होणार आहे." मी वाकून नमस्कार केला.

परीक्षक म्हणजे एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ. मागच्या बाकावर बसले. बाक मुलांचा असल्यामुळे त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले होते, तरी चेहरा हलला नाही. मी सुरुवात बरी केली. नवी गुंडाळी उघडली. एका गटानं मोठ्यानं मोजलं. चौऱ्याण्णव. फळ्यावर लिहिलं. मग म्हटलं, "आता जुनी. मोजण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहा." मुलांनी लिहिला, कुणी चाळीस, कुणी पन्नास. मी गुंडाळी उलगडली.

वीसपर्यंत मोजून झालं तेव्हा मला काही कळलं नाही. चाळीसला माझ्या कानशिलात ऊब आली. साठनंतर पोरं मजेत येऊन ओरडून मोजायला लागली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अठ्ठ्याण्णव. पाच वर्षं डब्यात पडलेल्या बियांनी यंदाच्या बियांना मागे टाकलं होतं. आणि तेव्हा माझं लक्ष गेलं, की दहा दहाच्या दहा ओळी पट्टीनं आखल्यासारख्या सरळ आहेत आणि प्रत्येक बीचं मूळ एकाच दिशेला वळवलेलं आहे. इतक्या शिस्तीत मांडणारा माणूस मला जगात एकच माहीत होता.

पुढच्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी फडक्यावर वाकली होती. तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं. "बाई," ती म्हणाली, "ह्याला चहाचा वास येतोय."

सगळा वर्ग वास घ्यायला धावला. खरंच येत होता. नवं बी पांढरं आणि जुनं तपकिरी पडलेलं. तेव्हा रंग जुळवायला काहीतरी हवंच होतं. मागे परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. आराखड्यात निष्कर्ष आधीच लिहिलेला होता. तो घाईघाईनं फळ्यावर लिहून टाकता आला असता; 'काही वेळा अपवाद असतो, मुलांनो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. तीस मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी शेतं आहेत. मी अठ्ठ्याण्णव या आकड्यावर काट मारली.

"हा आकडा खोटा आहे," मी म्हटलं. "कुणीतरी न उगवलेल्या बिया काढून त्यांच्या जागी उगवलेल्या ठेवल्या. मलाही ते आत्ताच कळलं. ज्या चाचणीत मधेच कुणाचा हात पडला ती चाचणी टाकून द्यायची, आकडा कितीही चांगला दिसला तरी."

"पण कुणी ठेवल्या?" चष्मेवाली म्हणाली.

"माझ्या सासऱ्यांनी."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. मलाही हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले होते. घंटा झाली.

परीक्षक फळ्यापर्यंत आले, काट मारलेल्या आकड्याकडे बघत उभे राहिले. "पाठाला निष्कर्ष नाही," ते म्हणाले. "असा पाठ मला उत्तीर्ण करता येत नाही." मी मान हलवली. मग ते म्हणाले, "प्रात्यक्षिक फसलं तर पंधरा दिवसांत एकदा पुन्हा घेता येतं. नियम आहे तसा. पण मला आठही दिवसांची नोंदवही लागेल. तुम्ही लिहिलेली नको. ज्यांनी हात घातला, त्यांनी लिहिलेली."

घरापर्यंत मी पाय आपटत चालले. वाटेत मी नानांना काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं, सोळा वर्षांपूर्वीच्यासह. दुकानात शिरले तर नाना भिंग कपाळावर सरकवून उभेच राहिले. "किती मिळाले?"

मी पिशवीतून गुंडाळी काढून त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवली. "अठ्ठ्याण्णव."

"दोन मुद्दाम सोडल्या," ते आनंदानं म्हणाले. "पुरते शंभर दिसले असते तर परीक्षकाला शंका आली असती. रंगाला फार त्रास झाला. पहिला चहा पातळ पडला."

"नाना, त्या उगवायला नको होत्या. त्या उगवत नाहीत हेच तर दाखवायचं होतं."

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तसा त्यांचा चेहरा एकेका रेषेनं उतरत गेला. ते स्टुलावर बसले. "मला वाटलं, पस्तीस म्हणजे तू नापास," ते म्हणाले. "जो भाग चालत नाही तो बदलायचा. मला दुसरं काय येतं?"

बोलायचं जुळवून आणलेलं सगळं होतं, पण मी त्या गुंडाळीची गाठ सोडत बसले. मग नानाच म्हणाले, हळू आवाजात, "म्हणजे तेव्हाही मीच आणि आताही मीच."

सोळा वर्षांत त्या पत्राचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला होता. मला वाटत होतं त्यांना ते आठवतही नसेल.

"हो," मी म्हटलं. "तेव्हाही तुम्हीच."

आणि मी आत निघून गेले. नाही म्हणता आलं असतं. सासऱ्यांना, पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला, 'जाऊ द्या नाना' म्हणायला काय लागतं? पण माझ्या तोंडून ते निघालं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटली. लेक दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, नाना रडतायत की भिंग पुसतायत ते कळत नाहीये." मी म्हटलं, "पुसू दे." मग माझाच हात थांबला आणि मी ओट्याला टेकून चांगली पाच मिनिटं रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या दोन गुंडाळ्या बांधल्या आणि कोरी वही नानांपुढे ठेवली. परीक्षकांची अट सांगितली. नानांनी वही परत माझ्याकडे सरकवली. "मला नको. माझ्या हातांचा भरवसा नाही."

"हातांचं काम नाहीच. फक्त बघायचं आणि लिहायचं."

"आठ दिवस नुसतं बघायचं?"

"आठ दिवस."

त्यांनी असा चेहरा केला जसं मी त्यांना आठ दिवस उपाशी राहायला सांगते आहे. पण वही घेतली. गुंडाळ्या दुकानातच ठेवल्या, त्यांच्या नजरेसमोर, माझ्या सांगण्यावरून. आमचे हे माझ्याशी भांडले, "अगं, मांजरापुढे दूध ठेवतेस." मी म्हटलं, राहू द्या. का म्हटलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. नापास झाले असते तर त्याच माणसाच्या हातून दुसऱ्यांदा झाले असते, आणि मग आमचं घर कुठल्या तोंडानं एकत्र जेवायला बसलं असतं कोण जाणे. तरी ठेवल्या.

त्या आठ दिवसांत नाना बारीक झाले. येता-जाता मी बघायची. हात पाठीमागे बांधून ते गुंडाळ्यांसमोर उभे असायचे. पाणी शिंपडायची वेळ झाली की लेकीला हाक मारायचे, स्वतः भांडं उचलायचे नाहीत. सहाव्या दिवशी गिऱ्हाईक म्हणालं, "घड्याळ मागे पडतंय हो," तर म्हणाले, "पडू दे जरा, बघूया किती पडतं." गिऱ्हाईक घड्याळ घेऊन निघून गेलं.

दुसऱ्या पाठाला परीक्षक आले, त्याच बाकावर बसले. मुलं तीच, आणि आता सगळी तयारीची. चष्मेवालीनं आधी दोन्ही गुंडाळ्या हुंगल्या आणि म्हणाली, "चहा नाही." नव्या त्र्याण्णव. जुन्या सदतीस. मी फळ्यावर दोन आकडे लिहिले आणि खडू खाली ठेवला. मुद्दा मला सांगावाच लागला नाही. पोरं एकमेकांना सांगत सुटली, घरच्या कोठीत कुठलं बी किती वर्षांचं आहे आणि कुणाच्या काकानं गेल्या वर्षी दोनदा पेरलं. एकानं विचारलं, किती उगवल्या म्हणजे पेरायला बरं? मी म्हटलं, ऐंशीच्या वर असेल तर घेवडा डोळे मिटून पेरा.

शेवटी परीक्षकांनी नोंदवही मागितली. मी ती उघडून पाहिली नव्हती. पाहायची नाही असं ठरवलंच होतं. त्यांनी पहिलं पान मनात वाचलं. मग घसा साफ केला आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला लागले.

"पहिला दिवस. फडकी ओली आहेत. हात लावला नाही. दुसरा दिवस. काही दिसत नाही. हात लावला नाही. तिसरा दिवस. नव्या गुंडाळीतून एक मूळ बाहेर आले. आनंद झाला. हात लावला नाही."

मुलं खुसखुसली. चौथा दिवस त्या हशात बुडाला.

"पाचवा दिवस. सूनबाईंनी जुनी गुंडाळी उघडून दाखवली. बऱ्याच बिया तशाच आहेत. एक कुजली आहे. वाईट वाटले. हात लावला नाही. सहावा दिवस. दुपारी घरात कोणी नव्हते. चिमटा समोरच होता. देवळात जाऊन बसलो. सातवा दिवस. आज सोपे गेले."

आठव्या दिवसाशी ते थांबले. तो त्यांनी मनात वाचला, वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "नोंद ग्राह्य आहे," ते म्हणाले. "पाठ उत्तीर्ण." मग मागे वळून मुलांना म्हणाले, "शिक्षकाचं निम्मं काम असंच असतं," आणि बाकाला लागून चुरगळलेली विजार झटकत निघून गेले. चष्मेवालीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

वही मी अवजारांच्या खोलीत जाऊन उघडली. आठव्या दिवसाखाली त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "नातीने जुनी गुंडाळी उलगडून दाखवली. सदतीस उगवल्या, त्रेसष्ट उगवल्या नाहीत. खात्री करून लिहितो. सूनबाईंचे पत्र आले तेव्हाही नुसते बघायला हवे होते." मी ते तीनदा वाचलं. मग डोळे पुसून मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं मात्र आणि म्हणाल्या, "सरांच्या कपाटाची किल्ली आजच मागून घेते."

संध्याकाळी दुकानात गेले. नाना काम नसताना काम करत होते. "झाले पास," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. भिंग लावलेलंच होतं, मान वर केली नाही, पण चिमट्यातलं चाक खाली पडलं. ते शोधायला आम्ही दोघंही वाकलो आणि दोघंही बराच वेळ वर आलो नाही.

चाक मला सापडलं. मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते म्हणाले, "सूनबाई, एक विचारू? राग गेला का?"

गेला म्हणणं किती सोपं होतं. त्या माणसानं आठ दिवस हात बांधून काढले होते, मी पास झाले होते, त्या क्षणी मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. तरीही मी आत डोकावून बघितलं, नीट बघितलं.

"बराचसा गेला," मी म्हटलं.

"शंभरातला किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

नाना विचारात पडले. "आणि ते बारा?"

"ते आहेत, नाना. आहेत म्हणून सांगितलं."

त्यांनी मान हलवली. चाक डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा दुरुस्तीचं काही सुचवलं नाही.